कबुलीतला सैतान

(वर्षावासातील पौर्णिमेच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन चालू असताना आम्ही मधेच सैतानाचा विषय काढला, हे काही जणांना खटकले. समितीतील एका ज्येष्ठ उपासकांनी विषय ऐकताच विचारले, "सैतान आपल्यात कुठून आला भाऊ? तो तर बायबल-कुराणातला." त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पण हा सैतान आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यात येऊन बसला आहे. जादूटोणाविरोधी कायदा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. कोणकोणती कृत्ये गुन्हा ठरतील त्यांची ती यादी आहे. एखादा माणूस करणी करतो, मंत्र टाकून गुरांचे दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई पसरते असे म्हणून त्याचे जगणे कठीण करणे हा गुन्हा, आणि त्याच कलमाच्या शेवटी, एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हा शब्द लिहावा लागला. आपल्या मुलुखात माणसाला सैतान ठरवले जाते, म्हणूनच लिहावा लागला.

आता आम्हाला जे सांगायचे आहे ते सैतानाविषयी कमी आणि कबुलीविषयी जास्त आहे. "तिने स्वतःच कबूल केलं की!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. ते ऐकले की पुढे बोलायला जागाच राहत नाही. जिने केले तीच सांगते म्हटल्यावर तुम्ही-आम्ही कोण? ही कबुली तयार कशी होते, ते समजून घेण्यासाठी थोडे लांब जावे लागेल, युरोपात.

तिथेही जादूटोण्याची भीती जुनीच होती. शेजारणीने नजर लावली, गाय आटली, लेकरू दगावले, हे सगळे आपल्यासारखेच. पण पंधराव्या शतकाच्या सुमारास तिथल्या धर्मपंडितांनी एक नवीन गोष्ट ठासून सांगायला सुरुवात केली. ती अशी की, नुसत्या मंत्राने काही होत नाही, त्यामागे सैतान असतो. बाई आधी सैतानाशी करार करते, देवाला नाकारते, रात्री सैतानाच्या सभेला जाते, आणि मग तिच्या अंगी ही शक्ती येते. म्हणजे गुन्हा गाय मारल्याचा राहिला नाही, कराराचा झाला. आता हा करार पाहिला कोणी? कोणीच नाही. तिथल्या कायद्याला मोठ्या गुन्ह्यासाठी दोन प्रत्यक्ष साक्षीदार तरी लागत, नाही तर आरोपीची कबुली. साक्षीदार मिळणे शक्यच नव्हते, म्हणून उरली कबुली. आणि ती सरळ मिळेना म्हणून आला छळ. बोटे पिळण्याचे स्क्रू, हात पाठीमागे बांधून दोराने वर टांगणे, दिवसेंदिवस झोपू न देणे. सैतान आला म्हणून कबुली लागली आणि कबुली लागली म्हणून छळ आला, असा हा क्रम आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत युरोपात या आरोपाखाली चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायाच होत्या.

बरे, या कबुल्या वाचल्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. सैतान काळ्या कपड्यांतला माणूस होऊन आला, त्याने पैसे दिले, रात्री सभेला नेले, तिथे शेजारची अमुकतमुक होती. न्यायाधीश म्हणत, बघा, या गावची बाई जे सांगते तेच त्या गावची सांगते, म्हणजे खरेच असले पाहिजे. उत्तरे एक होती, कारण प्रश्न एक होते. सैतान कधी भेटला? कोणत्या रूपात? सभेला आणखी कोण होते? अशी प्रश्नांची यादीच अधिकाऱ्याच्या हातात असे. "भेटला का?" असे विचारतच नसत, "कधी भेटला?" असे विचारत. सैतान होता तो प्रश्नात. बाईने फक्त होकार भरला आणि आपल्या गावचे थोडे रंग त्यात टाकले.

जर्मनीत बामबर्ग नावाचे शहर आहे. तिथला नगरप्रमुख योहान्नेस युनियस याला १६२८ मध्ये चेटकाच्या आरोपाखाली पकडले. त्याच्या बायकोला त्याआधीच मारलेले होते. तुरुंगातून त्याने आपल्या मुलीला, वेरोनिकाला, एक पत्र चोरून पाठवले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. बोटे चिरडल्यामुळे अक्षर वेडेवाकडे झाले होते. त्यात तो लिहितो की आपण निर्दोष आहोत. छळ करणाऱ्या माणसानेच त्याला हात जोडून विनवले होते की, देवाच्यासाठी काहीतरी रचून सांग, नाहीतर हे संपणार नाही. मग त्याने विचार करायला एक दिवस मागितला आणि गोष्ट रचली. सैतान आधी बाई होऊन आला, मग बोकड झाला, वगैरे. पण तेवढ्याने भागले नाही. आणखी कोण होते ते सांग, म्हणून त्याला एकेका रस्त्याची आठवण करून देऊन त्या रस्त्यावरच्या माणसांची नावे घ्यायला लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला देहदंड झाला. शहराचा प्रमुख, शिकलेला, पैसेवाला माणूस. त्याची ही गत, तर गरीब विधवेचे काय झाले असेल?

अमेरिकेतल्या सेलम गावची गोष्ट १६९२ ची. तिथे पहिली कबुली दिली टिट्यूबाने. ती गावच्या धर्मोपदेशकाच्या घरची गुलाम होती. तिने काळ्या कपड्यांतला उंच माणूस पाहिल्याचे सांगितले, त्याच्याजवळ सह्यांचे पुस्तक होते म्हणाली. मालकाने मारून आपल्याकडून हे वदवून घेतले, असे तिने पुढे सांगितल्याची नोंद आहे. सेलममध्ये उलटाच न्याय होता. जे कबूल करत ते वाचत, जे नाकारत त्यांना फाशी. एकोणीस जणांना फाशी झाली. एकाने आधी कबूल करून मग शब्द मागे घेतला, तर त्यालाही लटकावले. टिट्यूबा मात्र जगली, कारण तिने मालकाला पाहिजे ते सांगितले. तिला खोटारडी म्हणायचे का? आम्हाला तरी तो अधिकार वाटत नाही.

सगळेच न्यायाधीश आंधळे होते असेही नाही. स्पेनमध्ये १६१० साली लोग्रोन्यो या शहरात काही जणांना चेटूक केल्याबद्दल जाळण्यात आले. त्या खटल्याच्या तीन न्यायाधीशांपैकी एक होता सालाझार. त्याच्या मनात शंका होती. पुढल्या वर्षी तो स्वतः गावोगाव हिंडला. सुमारे अठराशे माणसांनी त्याच्यापुढे कबुल्या दिल्या, त्यांत बहुतेक लहान मुलेच होती. त्याने प्रत्येक गोष्ट ताडून पाहिली. सभेची जागा दाखवा म्हटले तर एक इकडे बोट दाखवी, दुसरा तिकडे. चेटकाचे मलम म्हणून जी मडकी आणली, ते जनावरांना देऊन पाहिले, काही झाले नाही. शेवटी त्याने वरिष्ठांना कळवले की, चेटकाविषयी बोलणे-लिहिणे सुरू होईपर्यंत या गावांत ना चेटूक होते ना चेटकिणी. हा माणूस धर्माच्या न्यायासनावर बसलेला होता, सैतान मानणारा होता. तरी त्याने येऊन पाहिले. तथागतांनी कालामांना जे सांगितले, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, त्याच्या जवळचे काम त्याने केले, एवढे आपण मान्य केले पाहिजे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे एकच एक असा मोठा सैतान नाही. भूत आहे, करणी आहे, भानामती आहे, सातपुड्यात नंदुरबारकडे डाकीण म्हणतात. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच. "कोण आहेस तू? कोणी पाठवलं तुला?" हे देवऋषी, मांत्रिक आजारी माणसाच्या अंगातल्या भुताला विचारतो, आणि हातात कडुलिंबाची फांदी नाहीतर चाबूक असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारले. त्यांत म्हातारी माणसे होती, बाया होत्या, आणि मार खाणारे दलित होते. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे एक बाई आणि एक पुरुष, दोघांना जाळून मारले. कायदा होऊन दहा वर्षे झाली होती तेव्हा.

ही गावे जंगलातली, आपण शहरातले, शिकलेले, बावीस प्रतिज्ञा घेतलेले, असे कोणाच्या मनात आले असेल. म्हणून आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर घरी बराच वाद झाला.

१९९६ सालची गोष्ट. नागपूरपासून फार दूर नसलेले एक खेडे. घर आमच्या नात्यातले, बौद्धाचेच. भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत. त्या घरची अकरा वर्षांची मुलगी सारखी आजारी पडायची. हातपाय ठणकायचे, रात्ररात्र रडायची, डोळे पिवळे व्हायचे, मग आठ-पंधरा दिवस बरी. डॉक्टरी औषध झाले, गुण आला नाही. कोणीतरी बाहेरगावचा मांत्रिक आणला. त्याने मुलीला समोर बसवून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली, आणि एका नावापाशी पोरगी किंचाळली. ते नाव शेजारच्या म्हातारीचे. तीही आमच्या नात्यातलीच. नवरा नाही, मूल नाही, जिभेची थोडी तिखट. मुलीच्या आईशी तिचे सांडपाण्यावरून भांडण झालेले होते.

म्हातारीला बोलावले. मारले फारसे नाही, दोन-तीन थपडा असतील. पण रात्रभर बसवून ठेवले. डोळा लागला की पाणी मारायचे. "काय पुरलं? कुठं पुरलं? कोनी शिकवलं तुले?" सुरुवातीला तिने शिव्या दिल्या, मग रडली, मग गप्प झाली. पहाटे म्हणाली, "हाव बाप्पा, म्याच केलं. आता निजू द्या मले." पण मांत्रिकाला शिकवणारीचे नाव पाहिजे होते. तिने नाव सांगितले आपल्या जावेचे. जाऊ मरून सहा वर्षे झाली होती.

आम्ही त्या रात्री तिथे होतो. एका सोयरिकीच्या बोलण्यासाठी गेलो होतो. आम्ही शाळा-कॉलेज शिकलेलो, धम्मावर बोलणारे. आम्ही एकदा म्हणालो, "म्हातारं माणूस आहे, जाऊ द्या." कोणी ऐकले नाही, आणि आम्ही बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. सोयरीक मोडू नये असे मनात होते. एवढेच कारण, याहून मोठे काही नाही.

दोन वर्षांनी त्या मुलीची नागपुरात रक्ततपासणी झाली. सिकलसेल निघाला. हा आजार आपल्या विदर्भात, आपल्या समाजात बराच आहे, हे इथल्या माताभगिनींना माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडे ठणकतात, डोळे पिवळे होतात. थंडीत, अंगातले पाणी कमी झाले की जास्त होते. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताही नसतो. कोणाचा दोष नाही, ना आईचा, ना बापाचा. सोयरीक ठरवताना कुंडली बघायचे आपण सोडले ते चांगलेच केले. रक्ताचा कागद मात्र बघा.

तपासणी झाली तरी म्हातारीचे नाव काही धुतले गेले नाही. "तिनं स्वतः कबूल केलं होतं की," हेच उत्तर. तिच्या हातचे पाणी कोणी प्यायले नाही. ज्यांच्या बापजाद्यांना चवदार तळ्याचे पाणी मिळवायला महाडला जावे लागले, त्यांच्याच घरात हे झाले.

एकदा आम्ही तिच्याकडे गेलो असता तिने स्वतःहून विषय काढला. म्हणाली, "भांडनात म्या म्हनलं होतं, तुह्या पोरीचं वाटोळं व्हवो. मंग लागलं असन का रे माह्यं तोंड?" म्हणजे ज्या गोष्टीची कबुली तिच्याकडून उपटून घेतली, ती तिला स्वतःलाच अर्धीमुर्धी खरी वाटू लागली होती. युरोपातही असे झाल्याचे दिसते. स्कॉटलंडमधील इसोबेल गाउडी हिने १६६२ मध्ये चार वेळा लांबलचक कबुल्या दिल्या, आणि तिच्या छळाची नोंद सापडत नाही. रागाच्या भरात वाईट चिंतले, पुढे वाईट झाले, की माणूस स्वतःवरच आरोप ठेवतो. त्यातून चार लोक तेच म्हणत असले तर विचारूच नका.

इथे आपल्याला मार आठवतो. पाली ग्रंथांत मार वारंवार येतो. कधी हत्ती होऊन, कधी साप, कधी शेतकरी. सोमा भिक्षुणीकडे येऊन तो म्हणतो की, बाईच्या दोन बोटांच्या अकलेला हे ज्ञान झेपणार नाही. ती त्याला ओळखते, सुनावते, आणि तो खाली मान घालून नाहीसा होतो. दर वेळी हेच. ओळखला की गेला. मार कोणाशी करार करत नाही. आणि माराची साथीदार म्हणून संघाने कोणा बाईला जाळल्याची एकही कथा आम्ही वाचलेली नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मार म्हणजे मनातले वाईट विचार आणि विकार, असाच अर्थ घेतला आहे. सुत्तनिपातात माराच्या सेनांची गणती आहे. त्यांत सहावी सेना भीती आणि सातवी शंका. त्या रात्री त्या घरात या दोन्ही सेना हजर होत्या. पण त्या म्हातारीकडे नव्हत्या, प्रश्न विचारणाऱ्यांकडे होत्या, आणि ओसरीवर बसलेल्याकडे. म्हातारीच्या मनात राग आला होता हे खरे. राग आला म्हणजे मार आला, एवढे म्हणा. रागाने रक्ताच्या पेशी वाकत नाहीत.

विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूची कथा आहे. भिक्खूंना राहायची जागा आणि भोजन वाटून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. दोन भिक्खूंना वाटले, आपल्याला मुद्दाम निकृष्ट भोजन मिळते. त्यांनी एका भिक्षुणीला फूस लावून दब्बांवर शीलभंगाचा आरोप करवला. तथागतांनी दब्बांना सर्वांसमोर विचारले की असे काही केल्याचे तुला आठवते का. ते म्हणाले, स्वप्नातही नाही. मग तथागतांनी चौकशी लावली ती आरोपामागे असलेल्या भिक्खूंची, आणि त्यांनी रागापोटी केल्याचे सांगितले. त्या कथेत भिक्षुणीला संघाबाहेर काढले जाते, हे आम्हाला आजही बोचते. पण मुद्दा पाहा. पुढे विनयात नियमच आहे की, आरोप असलेल्या भिक्खूने स्वतः मान्य केल्याशिवाय त्याच्यावर कारवाई करू नये. आणि ही कबुली स्वतःच्या कृत्यापुरती असते. "आणखी कोण होतं" हा प्रश्न तिथे नाही.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने जे संविधान घडवले, त्याच्या कलम २० (३) मध्ये आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि आताच्या नव्या कायद्यातही आहे. वर्दीतल्या पोलिसापुढची कबुली कोर्ट मानत नाही, आणि आपण मांत्रिकापुढची मानतो.

नागपूरला १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली, प्रा. श्याम मानव यांनी ती उभी केली. भानामतीची प्रकरणे या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पुष्कळ हाताळली. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, अंगावर बिबव्याच्या फुल्या उठतात. कार्यकर्ते घरच्या प्रत्येकाशी एकेकटे बसून बोलतात. बहुतेक वेळा कळते की घरातलेच कोणीतरी, फार दाबलेली सून किंवा कोणी न विचारणारे लेकरू, हे करत असते. तेही कबूलच करते. पण ते नाव कार्यकर्ते गावाला सांगत नाहीत. भानामती थांबते, आणि ते माणूस घरात नांदते.

म्हातारी २००० साली वारली. जावेचे नाव का घेतले, असे आम्ही तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "जित्याचं नाव घेतलं असतं तं तिलेबी तसंच बसवलं असतं रातभर. मेलेलीले कोन बसवते?"

तिच्या पुण्यानुमोदनाला आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही तिच्या कष्टांविषयी बोललो, निंदणीला जाऊन तिने दिवस कसे काढले ते बोललो. त्या रात्रीविषयी बोललो नाही. मुलीची आई समोरच बसली होती, मुलगीही होती, आणि ती सोयरीक तोवर होऊन गेली होती. ते बोलायचे राहिले होते, ते आज इथे बोललो. 

जयभीम. नमो बुद्धाय.